'अर्वा' : एका विरळ अरबी स्त्रीनामाचा अर्थ, उगम आणि प्रसार

प्रस्तावना

व्यक्तिनामांचा अभ्यास हा भाषाविज्ञान, इतिहास आणि समाजशास्त्र या तीन ज्ञानशाखांच्या सीमेवरचा विषय आहे. मराठीत आडनावांवर आणि ग्रामनामांवर बरेच लेखन झाले. स्त्रियांच्या नावांकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले. त्यातही भारतीय मुस्लिम समाजात रूढ असलेल्या अरबी स्त्रीनामांचा विचार बहुधा नामसूचीच्या पुस्तिकांपलीकडे जात नाही. या पुस्तिकांत नावापुढे एक-दोन शब्दांचा अर्थ दिलेला असतो. तो अर्थ कोठून आला, नाव प्रथम कोणी धारण केले, मधल्या काळात ते का मागे पडले, हे प्रश्न तेथे उपस्थितच होत नाहीत.

प्रस्तुत लेखात 'अर्वा' या नावाचा परामर्श घेतला आहे. फातिमा, आयेशा, जैनब किंवा मरियम या नावांप्रमाणे हे नाव सार्वत्रिक नाही. मुंबई, पुणे, नागपूर येथील दाऊदी बोहरा कुटुंबांत ते आढळते. इतर मुस्लिम समाजात क्वचितच ऐकू येते. हे नाव इस्लामच्या पूर्वीपासून अरबांत रूढ होते, ते प्रेषितांच्या सख्ख्या आत्याचे नाव होते आणि अर्धशतकाहून अधिक काळ येमेनच्या राज्यकारभारावर प्रभाव असलेल्या राणीचेही नाव होते. इतके असूनही ते विरळ का राहिले, हा प्रश्न नामसूचीतील अर्थापेक्षा अधिक महत्त्वाचा ठरतो.

शब्दार्थ आणि व्युत्पत्ती

प्रचलित नामपुस्तिकांत 'अर्वा'चा अर्थ 'सुंदर', 'डौलदार', 'कोमल' किंवा 'तृप्त करणारी' असा दिलेला असतो. अभिजात अरबी कोश मात्र वेगळे सांगतात. 'अर्वा' म्हणजे डोंगरकड्यांवर राहणाऱ्या रानशेळ्या. प्राणिशास्त्रात ज्यांना आयबेक्स म्हणतात त्या जातीच्या माद्या. एका मादीसाठी 'उर्विय्या' हा शब्द आहे. तिचे अनेकवचन दोन प्रकारचे : थोड्या असतील तर 'अरावी' आणि पुष्कळ असतील तर 'अर्वा'. म्हणजे व्याकरणाच्या दृष्टीने पाहता हे नाव धारण करणारी मुलगी ही एक शेळी नसून अख्खा कळप आहे! अरबी भाषेत समूहवाचक शब्द व्यक्तिनाम म्हणून येणे अपवादात्मक नाही. तरी मराठी वाचकाला हे गमतीचे वाटावे.

या शब्दाच्या घडणीबद्दल जुन्या वैयाकरणांत मतभेद होता. चौदाव्या शतकाच्या प्रारंभी निधन पावलेल्या इब्न मन्झूरच्या 'लिसान अल-अरब' या कोशात तो नोंदलेला आहे. काहींच्या मते हा शब्द 'लैला', 'सल्मा' यांच्या साच्यातील आहे. या शब्दांत अखेरचा दीर्घ 'आ' स्त्रीलिंगाचा प्रत्यय असतो. दुसऱ्या पक्षाच्या मते प्रारंभीचा 'अ' हा साच्याचा भाग असून मूळ धातू 'र-व-य' आहे. हा वाद वरकरणी शुष्क वाटतो. पण नामपुस्तिकांतील 'तृप्त करणारी' या अर्थाला आधार मिळतो तो या दुसऱ्या पक्षामुळेच. 'र-व-य' या धातूचा अर्थ तहान भागणे, पाणी पुरवणे असा आहे. पाणी वाहून नेणाऱ्या उंटाला 'राविया' म्हणत. पुढे दुसऱ्याची कविता मुखोद्गत ठेवून ती इतरांपर्यंत वाहून नेणाऱ्यालाही 'रावी' म्हटले जाऊ लागले. उर्दू गद्याच्या वाचकाला 'रावी' आणि 'रिवायत' हे शब्द परिचित आहेत. ते याच कुळातले.

'तृप्त करणारी' हा अर्थ म्हणून सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. त्याच अक्षरांचे 'अर्वा' हे रूप 'अधिक तृप्ती देणारे' अशा तुलनावाचक अर्थानेही वाचता येते. परंतु प्राचीन अरबांनी मुलीचे नाव ठेवताना डोळ्यांसमोर डोंगरातील प्राणी ठेवला होता, हे मानण्यास अधिक आधार आहे. त्यांच्या स्त्रीनामांत 'महा' (रानटी हरिणवर्गातील ओरिक्स), 'रीम' (पांढरे हरीण) आणि 'झब्या' (हरिणी) ही नावे सर्रास आढळतात. पुरुषनामांत सिंह, लांडगा, कुत्रा, चित्ता यांची नावे येतात. इ.स. ९३३ मध्ये मृत्यू पावलेल्या इब्न दुरैदने नामव्युत्पत्तीवरील आपल्या ग्रंथात या प्रथेची चर्चा केली आहे. शत्रूला धाक वाटावा म्हणून मुलांना उग्र नावे दिली जात, हे त्यांतील एक कारण.

आता राहिला प्रश्न 'सुंदर' आणि 'कोमल' या अर्थांचा. हे अर्थ शब्दाचे नव्हेत. शेळीचा उल्लेख नको असलेल्या आधुनिक आईवडिलांसाठी केलेली ती सोय आहे. शहरी मनाला शेळी म्हटले की दावणीला बांधलेले गरीब जनावर आठवते. अरबांच्या कल्पनेतील उर्विय्या मात्र अगदी वेगळी होती. ती उभ्या कड्यावर राहते, माणसाच्या हाती लागत नाही, शिकाऱ्याला दिवसेंदिवस झुलवते. अरबीत एक म्हण आहे : रानशेळ्या आणि शहामृग यांना एकत्र कोण आणणार? एक राहतो डोंगरमाथ्यावर, दुसरा सपाट वाळवंटात. दोघांची गाठ पडणे अशक्य. तिर्मिझीच्या हदीस-संग्रहातील एका कथनात धर्म हिजाझमध्ये आश्रय घेईल, जशी उर्विय्या डोंगरमाथ्यावर आश्रय घेते, अशी उपमा आली आहे. दुर्गमता, स्वातंत्र्य आणि सुरक्षितता हे तीन भाव या प्राण्याशी जोडलेले आहेत. दक्षिण अरबस्तानात तर इस्लामपूर्व काळापासून आयबेक्सला धार्मिक महत्त्व होते. मारिब परिसरातील सबाई वास्तूंवर आयबेक्सच्या मस्तकांच्या ओळी कोरलेल्या सापडतात. हद्रमौत भागात आयबेक्सच्या विधिपूर्वक शिकारीची परंपरा विसाव्या शतकापर्यंत टिकून होती. 'अर्वा'चे सर्वांत मोठे नामवैभव येमेनच्या डोंगरांत दिसावे, हा योगायोग लक्षणीय आहे.

भारतीय वाचकाच्या बाबतीत काही ध्वनिसाम्ये दिशाभूल करू शकतात. देवनागरीत 'अर्वा' असे लिहिले की संस्कृतज्ञाला 'अर्वन्' म्हणजे घोडा आठवतो. त्याची प्रथमा एकवचनी रूपसिद्धी 'अर्वा' अशीच होते. उर्दूभाषकाला 'अरवाह' म्हणजे 'रूह'चे अनेकवचन आठवते. मक्केतील 'मर्वा' ही टेकडी आणि 'उर्वा' हे पुरुषनाम यांच्याशीही घोटाळा होतो. 'उर्वा' या नावातील पहिला वर्ण अरबीत 'ऐन' आहे आणि त्याचा अर्थ कडी किंवा मूठ असा होतो. यांपैकी कोणाचाही 'अर्वा'शी संबंध नाही.

प्रारंभीच्या अर्वा

इस्लामच्या आरंभकाळातील चरित्रग्रंथांत या नावाच्या अनेक स्त्रिया भेटतात. अब्दुल मुत्तलिब यांची कन्या अर्वा ही प्रेषित मुहंमदांची आत्या. कुरैझची कन्या अर्वा ही तिसरे खलिफा उस्मान यांची आई. अल-हारिसची कन्या अर्वा ही प्रेषितांची चुलत बहीण. वृद्धापकाळी दमास्कसला मुआवियाच्या दरबारात जाऊन तिने त्याला निर्भीडपणे खडे बोल सुनावल्याची कथा अरबी साहित्यात स्त्रियांच्या वक्तृत्वाचा नमुना म्हणून जतन झाली आहे. म्हणजे मक्केतील प्रतिष्ठित कुळांत हे नाव चांगलेच रुळलेले होते.

परंतु याच काळात नावाला दोन गालबोटे लागली. हदीस-संग्रहांत उवैसची कन्या अर्वा हिची कथा येते. तिने सईद इब्न झैद या ज्येष्ठ सहाबीवर आपली जमीन बळकावल्याचा आरोप केला. आरोप खोटा असल्यास तिची दृष्टी जावी असे सईदने म्हटले. पुढे ती आंधळी झाली आणि आपल्याच जमिनीतील विहिरीत पडून मरण पावली, असे ही कथा सांगते. दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. प्रेषितांचा काका आणि कट्टर विरोधक अबू लहब याची पत्नी ही हर्बची कन्या, अबू सुफियानची बहीण. तिचे नाव अर्वा असल्याचे परंपरा सांगते. कुराणाच्या १११ व्या सूरेत पतीसह तिचा धिक्कार आला आहे.

असे असूनही नाव टिकले. याचे कारण अरबी नामपद्धतीत शोधले पाहिजे.

नावावरील पडदा

अभिजात अरबी नाव अनेक घटकांचे बनते. 'इस्म' हे जन्मनाव. 'कुन्या' हे 'अमक्याचा पिता' किंवा 'अमकीची/अमक्याची आई' असे अपत्यदर्शक नाव. 'नसब' ही पित्याची व पूर्वजांची मालिका. 'लकब' ही पदवी. आणि 'निस्बा' ही गाव, कुळ किंवा पंथदर्शक जोड. व्यवहारात आदराने हाक मारायची तर कुन्या वापरायची, जन्मनाव टाळायचे, असा शिष्टाचार होता. स्त्रियांच्या बाबतीत तो अधिकच कडक होता. परपुरुषासमोर स्त्रीचे जन्मनाव उच्चारणे अनेक ठिकाणी असभ्य मानले जाई. मराठी समाजालाही ही गोष्ट परकी वाटू नये. पतीचे नाव न घेणारी पत्नी आणि पत्नीला 'अगं, ऐकलंस का' म्हणणारा पती आपल्याकडे कालपरवापर्यंत होते. 'बाळूची आई' हीच कित्येक स्त्रियांची गावभर ओळख असे. लग्नात नाव बदलल्यावर माहेरचे नाव विस्मृतीत जाई.

अबू लहबची पत्नी मुस्लिम परंपरेत 'उम्म जमील' या कुन्येने ओळखली जाते. सूरेत तर तिचे कोणतेच नाव नाही. ती केवळ 'त्याची बायको' आहे. 'अर्वा' हे तिचे जन्मनाव भाष्यकारांच्या टिपांत राहिले. त्यामुळे तिच्यावरील कलंक नावाला चिकटला नाही. कुन्येने येथे नावाचे रक्षण केले.

तीच कुन्या दुसरीकडे नाव झाकून टाकते. अब्बासी खलिफा अल-मन्सूर (कारकीर्द ७५४ ते ७७५) याची पत्नी अर्वा ही येमेनच्या हिम्यर वंशातील मन्सूर नावाच्या गृहस्थाची कन्या होती आणि पुढे खलिफा झालेल्या अल-महदीची आई. ती हयात असेपर्यंत पतीने दुसरी पत्नी किंवा दासी करू नये, अशी अट तिने विवाहाच्या वेळी लिहून घेतली होती. खलिफापद मिळाल्यावर मन्सूरने ही अट मोडण्यासाठी धर्मशास्त्रज्ञांचे अनुकूल मत मिळविण्याचे प्रयत्न केले. तिने प्रत्येक वेळी आधीच हालचाल करून ते निष्फळ ठरवले, असे इतिवृत्ते सांगतात. ट्युनिशियातील कैरवान शहर या घटनेशी आपले नाते सांगते. तेथील विवाहकरारात पत्नी एकपत्नीत्वाची अट घालू शके आणि असा करार 'कैरवानी सदाक' म्हणून प्रसिद्ध होता. १९५६ मध्ये ट्युनिशियाने कायद्याने बहुपत्नीत्व रद्द केले, तेव्हा या जुन्या परंपरेचे स्मरण स्वाभाविकच होते. कैरवानमध्ये ही स्त्री 'अर्वा अल-कैरवानिय्या' म्हणून लोकांच्या लक्षात राहिली. बगदादच्या इतिवृत्तांत मात्र ती बहुतेक ठिकाणी 'उम्म मूसा', म्हणजे मूसाची आई आहे.

येमेनची राणी

या नावाच्या इतिहासातील सर्वांत मोठी व्यक्ती म्हणजे सुलैही वंशाची राणी. तिचा जन्म इ.स. १०४८ च्या सुमारास येमेनच्या हराझ या डोंगराळ प्रदेशात झाला. तिचे पितृछत्र लहानपणी हरपले आणि ती सुलैही राज्याचा संस्थापक अली इब्न मुहंमद याच्या घरी वाढली. अलीची पत्नी अस्मा बिन्त शिहाब ही स्वतः राज्यकारभारात भाग घेणारी कर्तबगार स्त्री होती. तिच्या देखरेखीखाली अर्वाचे शिक्षण झाले आणि पुढे अली व अस्मा यांचा पुत्र अहमद अल-मुकर्रम याच्याशी तिचा विवाह झाला. सासू-सून दोघींच्या नावे मशिदीत खुतबा वाचला गेला, ही इस्लामी इतिहासात दुर्मीळ गोष्ट होय. राज्यकर्त्याचे नाव शुक्रवारच्या खुतब्यात घेतले जाणे हे सार्वभौमत्वाचे चिन्ह मानले जाते. फातिमा मेर्निसी यांनी १९९० मध्ये फ्रेंचमध्ये प्रसिद्ध केलेल्या मुस्लिम राज्यकर्त्या स्त्रियांवरील ग्रंथात या मुद्द्यावर भर दिला आहे.

मुकर्रम अर्धांगवायूने आजारी पडल्यावर कारभार राणीच्या हाती आला. तिने राजधानी सनाहून डोंगरातील जिब्ला या गावी हलवली. यासंबंधी एक कथा सांगितली जाते. राणीने पतीला सनाच्या लोकांना एकत्र बोलावण्यास सांगितले; पाहतो तो सगळीकडे तलवारी आणि भाले. मग जिब्लाच्या लोकांना बोलावले. ते आले मेंढे हाकत आणि तुपाची भांडी घेऊन. या लोकांत राहणे अधिक चांगले, असे राणी म्हणाली. कथेत अलंकरण असेल, पण निर्णयातील शहाणपण खरे आहे : शेती आणि पाणी असलेला सुपीक प्रदेश हाच राज्याचा खरा पाया होता. पतीच्या निधनानंतर आणि त्यानंतरच्या वारसाहक्काच्या पेचप्रसंगांतूनही तिने सत्ता टिकवली. इ.स. ११३८ मध्ये तिचे निधन झाले आणि जिब्ला येथे तिनेच उभारलेल्या मशिदीत तिचे दफन झाले. येमेनी लोकांनी तिला 'धाकटी बिल्कीस' म्हटले. बिल्कीस म्हणजे सबाची ती प्राचीन राणी.

राजकीय कर्तृत्वाइतकेच तिचे धार्मिक स्थान असाधारण आहे. सुलैही हे कैरोच्या फातिमी इमाम-खलिफांचे अनुयायी होते. इमाम अल-मुस्तन्सिरने तिला 'हुज्जा' हे उच्च धार्मिक पद दिले. स्त्रीला हे पद मिळणे ही अपूर्व घटना होती. पश्चिम भारतातील धर्मप्रचाराची देखरेखही सुलैही राज्याकडे सोपवलेली होती. बोहरा परंपरेनुसार इ.स. १०६७ च्या सुमारास मौलाई अब्दुल्ला हे प्रचारक येमेनहून खंबायतला आले. ११३० मध्ये खलिफा अल-आमिरचा खून झाल्यावर फातिमी पंथात फूट पडली. राणीने कैरोच्या नव्या सत्ताधाऱ्याला न मानता आमिरचा तान्हा पुत्र अत्-तय्यिब हाच खरा इमाम असल्याची भूमिका घेतली. इमाम गुप्तवासात असल्याने त्याच्या वतीने समुदायाचे नेतृत्व करण्यासाठी 'दाई मुतलक' हे पद निर्माण झाले आणि झुऐब इब्न मूसा हा पहिला दाई झाला. (अरबी 'दाई' म्हणजे आवाहन करणारा, मराठीतील सुईण या अर्थाच्या 'दाई'शी त्याचा संबंध नाही.) सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे पद येमेनमधून गुजरातेत आले, पुढे अनेक शहरांतून फिरत सूरत आणि अखेर मुंबईला स्थिरावले. भेंडीबाजारातील रौदत ताहेरा ही वास्तू म्हणजे एक्कावन्नाव्या दाईंची, १९६५ मध्ये निवर्तलेल्या सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांची समाधी होय. जिब्लाच्या राणीने घेतलेल्या निर्णयाचा धागा अशा रीतीने थेट मुंबईपर्यंत पोहोचतो. बोहरा कुटुंबांत 'अर्वा' हे नाव आढळते, त्यामागे हा इतिहास आहे.

मात्र येथेही पडदा आहेच. समकालीन व निकटकालीन साधनांत ही राणी प्रामुख्याने 'अस्-सय्यिदा अल-हुर्रा', म्हणजे 'स्वतंत्र, कुलीन स्वामिनी' या पदवीने येते. इ.स. ११७४ मध्ये कैरोत ज्याला देहदंड झाला त्या उमारा अल-यमनी या कवी-इतिहासकाराच्या येमेनच्या इतिहासात ती 'सय्यिदा' म्हणूनच वावरते. 'हुर्रा' ही पदवी नंतरच्या काळातही स्त्री-राज्यकर्त्यांना मिळाली. सोळाव्या शतकात मोरोक्कोतील तेतुआन शहरावर सत्ता गाजवणारी स्त्री याच पदवीने ओळखली जाते, इतकी की तिच्या जन्मनावाबद्दल आजही एकमत नाही. येमेनच्या राणीचे जन्मनाव 'अर्वा' होते असे आधुनिक अभ्यासक सर्वसाधारणपणे मानतात. म्हणजे एका अर्वाची अपकीर्ती कुन्येने झाकली आणि दुसऱ्या अर्वाची कीर्ती पदवीने. नाव विरळ वाटते याचे एक मोठे कारण हे आहे : ज्या स्त्रियांमुळे ते लोकप्रिय होऊ शकले असते त्यांना इतिहासाने त्या नावाने हाकच मारली नाही. नोंदीतील विरळपणा हा वापरातील विरळपणा समजण्याची चूक नामाभ्यासकाने टाळली पाहिजे.

सूरतची हस्तलिखिते आणि नावाचे पुनरागमन

राणीच्या चरित्राची साधने दीर्घकाळ पाश्चात्त्य विद्वानांच्या आवाक्याबाहेर होती. उमाराच्या इतिहासाचे इंग्रजी भाषांतर हेन्री कॅसल्स के यांनी १८९२ मध्ये प्रसिद्ध केले. पण पंथाची स्वतःची साधने बोहरा ग्रंथसंग्रहांत बंदिस्त होती. पंधराव्या शतकातील एकोणिसावे दाई इद्रीस इमादुद्दीन (मृत्यू १४६८) यांचा 'उयून अल-अखबार' हा इतिहासग्रंथ त्यांपैकी प्रमुख. राणीने आपले जडजवाहीर इमाम तय्यिबच्या नावे ठेवले होते, त्या मृत्युपत्राचा तपशील या ग्रंथामुळे टिकला. अल-मुस्तन्सिरच्या दरबारातून सुलैही राज्यकर्त्यांना आणि स्वतः राणीला आलेली पत्रेही भारतातील बोहरांनी नकलून जपली होती. मूळ राज्य लयाला गेले, कैरोतील फातिमी ग्रंथालये उधळली गेली, आणि एका येमेनी राणीचा पत्रव्यवहार तापीकाठच्या शहरात शिल्लक राहिला.

ही साधने अभ्यासकांपुढे आणण्याचे श्रेय सूरतच्या हमदानी कुटुंबातील हुसैन हमदानी (१९०१-१९६२) यांना जाते. १९३१ मध्ये त्यांनी राणीच्या जीवनावर इंग्रजीत निबंध प्रसिद्ध केला, आणि त्याच्या शीर्षकातच 'सय्यिदा' या पदवीशेजारी 'अर्वा' हे जन्मनाव घातले. १९३४ मध्ये त्यांनी मुस्तन्सिरच्या पत्रांवर लिहिले. १९५५ मध्ये कैरोहून त्यांचा सुलैही राजवंशावरील अरबी ग्रंथ निघाला. या कुटुंबाचा हस्तलिखितसंग्रह २००६ मध्ये लंडनच्या इस्माइली अध्ययन संस्थेला देण्यात आला. नामेतिहासाच्या दृष्टीने १९३१ चे ते शीर्षक लहान वाटले तरी निर्णायक आहे. पदवीच्या मागे असलेली स्त्री पुन्हा आपल्या नावाने ओळखली जाऊ लागली. आज येमेनमध्ये 'सय्यिदा' म्हटले तर पुढे खुलासा करावा लागेल. 'राणी अर्वा' म्हटले की पुरते. १९९६ मध्ये सना येथे स्थापन झालेल्या खासगी विद्यापीठाला तिचे नाव देण्यात आले, तेही 'अर्वा' असेच.

आजचा प्रसार

सध्या हे नाव येमेन, सौदी अरेबिया, आखाती देश, इजिप्त, सीरिया आणि ट्युनिशियात आढळते. इजिप्तमधील १९७० च्या दशकातील विद्यार्थी चळवळीवर लिहिणारी लेखिका अर्वा सालिह (मृत्यू १९९७) आणि युद्धक्षेत्रांतून वार्तांकन करणारी अमेरिकन पत्रकार अर्वा डेमन या दोन नावांमुळे ते अरबी जगाबाहेरही कानावर पडले. रोमन लिपीत त्याची रूपे बदलतात. उत्तर आफ्रिकेत फ्रेंच वळणाने लिहिल्यामुळे ते 'अरुआ' असे वाचले जाण्याची शक्यता असते. उच्चारसुलभता, दोनच अक्षरांचा आटोपशीरपणा आणि अखेरचा दीर्घ स्वर हे गुण आधुनिक रुचीला मानवणारे आहेत. आजकालच्या मराठी मुलींच्या नावांतही 'आ'कारान्त दोन-अक्षरी नावांकडे कल दिसतो, हे येथे आठवावे.

भारतात मात्र नावाची वाट वेगळी आहे. सुन्नी बहुसंख्य समाजात राणी अर्वाला धार्मिक स्मृतीत स्थान नाही. तेथे हे नाव आले तर प्रेषितांच्या आत्येच्या संदर्भाने किंवा केवळ ध्वनिमाधुर्यामुळे. बोहरांमध्ये ते पंथाच्या जन्मकथेचा भाग आहे. त्यांच्या लिसान अद्-दावत या भाषेत, म्हणजे अरबी लिपीत लिहिल्या जाणाऱ्या आणि अरबी शब्दांनी भरलेल्या गुजरातीत, हे नाव मूळ अक्षरांनी लिहिले जाते. देवनागरीत उतरताना ते कधी 'अरवा', कधी 'आरवा', कधी 'अर्वा' असे होते. मूळ उच्चाराला 'अर्वा' हे लेखन सर्वांत जवळचे आहे. रफाराऐवजी पूर्ण 'र' लिहिला की अधला स्वर अकारण वाढतो.

लेखनाचा हा प्रश्न केवळ शाळेच्या हजेरीपुरता राहिलेला नाही. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय दस्तऐवजांत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम असणे आवश्यक आहे. मुंबईत किंवा पुण्यात जन्मलेल्या एखाद्या मुलाच्या आईचे नाव अर्वा असेल, तर ते आता त्याच्या जन्मदाखल्यावर आणि शाळेच्या दाखल्यावर वडिलांच्या नावाआधी येईल.